वर्गात समजतं, घरी सुचत नाही

ताई,
मी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. मुख्य विषय जीवशास्त्र, पण या सत्रात प्रोग्रॅमिंगचा प्राथमिक कोर्स घेतलाय. पायथन शिकवतात. त्याआधी मी कोडची एक ओळही लिहिली नव्हती. आता चौथा आठवडा चालू आहे. सर फळ्यावर समजावतात तेव्हा सगळं कळतं, मानही डोलते. घरी आले की रिकामी स्क्रीन आणि लुकलुकणारा कर्सर. काही म्हणजे काही सुचत नाही. माझ्या शेजारी बसणारा मुलगा शाळेपासून कोड लिहितो. त्याची असाइनमेंट दहा मिनिटांत होते, मला तीन तास लागतात. मागच्या वेळी कंटाळून एआयकडून कोड घेतला आणि दिला. पूर्ण गुण मिळाले, पण त्यात काय आहे ते मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. मला वाटायला लागलंय की यासाठी वेगळंच डोकं लागतं, ते माझ्याकडे नाही. कोर्स सोडायची मुदत दोन आठवड्यांत संपते. सोडू का?
– चौथ्या आठवड्यातली

चौथ्या आठवड्यातले,

आज तरी सोडू नकोस. सोडायचा की नाही हे ठरवायची एक पद्धत शेवटी सांगते. तिला दोन आठवडे पुरतात.

आधी ते ‘वेगळं डोकं’ प्रकरण निकालात काढू, कारण बाकी सगळं त्याच्याच भोवती फिरतंय. हा प्रश्न तुझ्याआधी जाणत्यांनाही पडला होता. २००६ मध्ये ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी एका शोधनिबंधाच्या कच्च्या खर्ड्यात दावा केला की, कोर्स सुरू व्हायच्या आधीच एक छोटी चाचणी देऊन कुणाला प्रोग्रॅमिंग जमेल आणि कुणाला नाही हे ओळखता येतं. चाचणीतले प्रश्न साधे होते. साधारण असे:

अ = १०
ब = २०
अ = ब

आता अ किती आणि ब किती? तो खर्डा संगणकाच्या जगात हातोहात पसरला. ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ असं म्हणणारे पुष्कळ निघाले. पुढे २०१४ मध्ये त्या दोघांपैकी एकाने स्वतः लिहून दावा मागे घेतला: अशी कल मोजणारी चाचणी आमच्याकडे नव्हती आणि नाही. पहिला दावा अजून ऐकू येतो, माघार फारशी कुणाला ठाऊक नसते. उपजत डोक्याची गोष्ट सांगायला सोपी आहे ना, म्हणून.

पण तो प्रश्न मात्र मला आवडतो. शाळेत ‘=’ म्हणजे ‘दोन्ही बाजू सारख्या’ असं शिकून आलेल्या माणसाला तिसरी ओळ खोटी वाटते, दहा आणि वीस सारखे कसे असतील? कुणाला वाटतं अदलाबदल झाली, अ वीस आणि ब दहा. कुणाला वाटतं ब मधले वीस उचलून अ मध्ये नेले, म्हणजे ब रिकामा. यातलं एकही उत्तर मठ्ठपणाचं नाही, प्रत्येकामागे काहीतरी तर्क आहे. फक्त पायथनचा तर्क वेगळा आहे: उजवीकडची किंमत बघ, ती डावीकडच्या नावाला दे, उजवीकडच्याला हात लावू नको. म्हणून अ वीस, ब पण वीस. हा एक करार आहे. तो सांगितल्याशिवाय कुणालाच कळत नाही, आणि शेजारच्या मुलाला तो बहुतेक शाळेतच कुणीतरी सांगितलाय. त्याच्याकडे आहे ती काही वर्षांची सवय.

तू एकटी नाहीस, तेही आकड्यांत सांगते. डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी २००७ मध्ये जगभरच्या विद्यापीठांतून माहिती मागवली तेव्हा प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या कोर्सात सरासरी ३३ टक्के विद्यार्थी पार होत नव्हते. त्यांनीच २०१९ मध्ये पुन्हा पाहिलं, तेव्हा २८ टक्के. आणि २००१ मधला एक अभ्यास आहे, त्यात चार विद्यापीठांतल्या, पहिला कोर्स झालेल्या मुलांना छोटा प्रोग्रॅम लिहायला दिला होता. ११० पैकी सरासरी गुण आले सुमारे २३. शिकवणारे हादरले. मग २००४ मध्ये सात देशांतल्या शिक्षकांनी वेगळाच प्रश्न विचारला: लिहिणं राहू दे, या मुलांना दिलेला कोड वाचता तरी येतो का? पुष्कळांना तोही नीट येत नव्हता.

माझ्या मते तुझ्या दुखण्याचं नाव इथेच आहे. ‘वर्गात समजतं, घरी सुचत नाही’ असं तू म्हणतेस. मला शंका आहे की वर्गातही पूर्ण समजत नाही. समजल्यासारखं वाटतं, कारण कोड सर वाचत असतात. त्यांच्या बोटामागे डोळे नेले की सगळं सरळ दिसतं. एकटीने ओळ न् ओळ वाचून ‘इथे आता या नावात काय आहे?’ हे सांगायची वेळ तुझ्यावर आलेलीच नाही. आणि जे वाचता येत नाही ते लिहिता कसं येईल? लॅबमध्ये बरीच वर्षं मुलांच्या मागे उभी राहिले आहे, अडकलेल्या दहांपैकी आठ जण इथेच अडकलेले असतात.

यावर औषध जुनं आहे आणि त्याला सगळे ड्राय रन म्हणतात. कागद, पेन्सिल, आणि संगणक बंद. सर फळ्यावर एकदा करून दाखवतात, मुलं वहीत उतरवतात आणि परीक्षेपर्यंत विसरतात. तू तो रोज कर. कसा, ते एका उदाहरणावर दाखवते. (सदर देवनागरीत छापलं जातं म्हणून पायथनचे शब्द मी देवनागरीत लिहितेय. स्क्रीनवर ते रोमनमध्ये आणि आकडे इंग्रजीत लिहावे लागतात. आपण दिलेली नावं मात्र पायथन तीनमध्ये देवनागरीत खरोखर चालतात, गंमत म्हणून करून बघ.)

तापमाने = [-४, -९, -२]
कमाल = ०
फॉर त इन तापमाने:
    इफ त > कमाल:
        कमाल = त
प्रिंट(कमाल)

शीतपेटीतल्या तीन नोंदी आहेत, त्यांतली सगळ्यात जास्त शोधायची आहे. तू जीवशास्त्राची, म्हणजे उणे तापमानं तुझ्या नशिबात आहेतच. कागदावर दोन रकाने आख: त आणि कमाल. सुरुवातीला कमालखाली ० लिही, त रिकामा. लूपची, म्हणजे फॉरपासूनच्या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाची, पहिली फेरी: त खाली -४. आता विचार: -४ हे ० पेक्षा मोठं आहे का? नाही. म्हणजे आतली ओळ चालणारच नाही, कमाल तसाच ०. दुसरी फेरी: त -९. तोही मोठा नाही. तिसरी: -२, नाही. लूप संपलं. छापलं काय जाईल? शून्य. जे तापमान कधी नोंदवलंच गेलं नाही ते उत्तर म्हणून आलं!

या प्रोग्रॅमला एरर येणार नाही. शून्याहून मोठ्या आकड्यांवर तो बरोबर चालतो. सरांनी २३, ३१, १८ अशी नोंद देऊन दाखवला तर तुझी मान पुन्हा डोलेल. चूक दुसऱ्या ओळीत आहे: सुरुवातीला कमालला शून्य न देता यादीतली पहिलीच नोंद द्यायला हवी. हे तुला कुणी सांगितलं असतं तर तू वहीत लिहून घेतलं असतंस. दोन रकाने आखून स्वतः त्या शून्यापर्यंत पोचलीस की वहीची गरज उरत नाही.

पहिले काही ड्राय रन फार सावकाश होतील. सहा ओळींना पंधरा मिनिटं लागली तरी लागू देत. एक पथ्य पाळ: ‘हे काय करत असावं’ असा अंदाज बांधू नकोस, ‘ही ओळ आत्ता काय करते’ एवढंच बघ. उत्तर कागदावर लिहून झाल्यावरच संगणकावर रन कर. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर उलट बरं झालं, कुठल्या फेरीत वाट चुकली ते शोध. तेवढाच भाग तुला येत नव्हता.

आता रिकामी स्क्रीन. तिच्यासमोर काही सुचत नाही कारण तू एकदम पूर्ण प्रोग्रॅम सुचायची वाट बघतेस. तसा तो कुणालाच सुचत नाही, मलाही नाही. तुझ्याच विषयातलं घेऊ: डीएनएच्या एका तुकड्यात जी आणि सी मिळून किती टक्के आहेत ते काढायचं. आधी हाताने कर. तुकडा ए-टी-जी-सी-जी. पाच अक्षरं, त्यांत दोन जी, एक सी. पाचात तीन, साठ टक्के. हे करताना तू नेमकं काय केलंस? एकेक अक्षर पाहिलंस, जी किंवा सी दिसलं की मनात एक वाढवलास, शेवटी एकूण अक्षरांनी भागून शंभरने गुणलंस. हीच तीन वाक्यं फाइलमध्ये मराठीत लिही, प्रत्येकाच्या सुरुवातीला हॅशचं (#) चिन्ह टाक, म्हणजे पायथन ती सोडून देतो. झालं, स्क्रीन रिकामी राहिली नाही. मग पहिल्या वाक्याखाली कोड लिही: फक्त लूप, आणि आत प्रत्येक अक्षर छापायचं. रन कर. पाच अक्षरं पाच ओळींवर आली? मग दुसरं वाक्य. तीन-चार ओळींपेक्षा जास्त काही रन न करता लिहू नकोस. पन्नास ओळी लिहून मग पहिल्यांदा रन करणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांची संध्याकाळ कुठे जाते ते मला माहीत आहे.

आणि दुसऱ्या वाक्यापाशी तू बहुतेक हे लिहिशील:

इफ अक्षर == "जी" ऑर "सी":

आणि उत्तर येईल शंभर टक्के. कुठलाही तुकडा दे, शंभर टक्के. हे पहिल्यांदा लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण असंच लिहितो, कारण आपण बोलतो तसंच: ‘अक्षर जी किंवा सी असेल तर.’ ऐकणारा माणूस असेल तर त्याला बरोबर कळतं. पायथन ते असं वाचतो: ‘अक्षर जी आहे’ हे खरं आहे का, किंवा नुसतं ‘सी’ हे खरं आहे का? आणि पायथनच्या हिशेबात कुठलाही रिकामा नसलेला शब्द खराच धरला जातो. म्हणजे अट कायम खरी. दोन्हीकडे ‘अक्षर ==’ पुन्हा लिहावं लागतं. तुझं मराठी चांगलं आहे म्हणून तू इथे चुकतेस, असं समज हवं तर. आपण अर्धं बोलतो आणि उरलेलं समोरचा भरून घेतो. इथे समोर कुणी नाही.

मी स्वतः सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकत होते तेव्हाची गोष्ट. एक ते दहा आकडे छापायचे होते, लूप लिहिलं, आणि स्क्रीनवर एकच आकडा: ११. जो मला नकोच होता! कंपाइलरची, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमची, तक्रार नाही, काही नाही. पूर्ण संध्याकाळ त्यात गेली. शेवटी सापडलं ते फॉरच्या कंसानंतर सवयीने दिलेलं सेमिकोलन. त्या सेमिकोलनने लूप तिथेच संपवलं होतं. यंत्राने इमानदारीने दहा वेळा काहीच केलं नाही आणि मग खालची छापायची ओळ एकदा चालवली, तोवर आकडा अकरावर पोचला होता. त्या रात्री मी रडले होते हे इथे लिहायला हरकत नाही. दोन रकाने आखले असते तर दहा मिनिटांचं काम होतं.

लाल अक्षरांतल्या एररला घाबरतेस का, ते तू लिहिलेलं नाहीस, पण गृहीत धरते. एरर खालून वर वाच. सगळ्यात शेवटच्या ओळीत काय बिनसलं ते असतं, त्याच्या वर कुठे ते. ओळीचा क्रमांक दिला असेल तिथे चूक सापडली नाही तर वरच्या ओळीत बघ, पुष्कळदा तिथला कंस बंद करायचा राहिलेला असतो. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीपासून पायथन ‘हा कंस बंदच झाला नाही’ असं स्पष्ट सांगतो, तेव्हा लॅबच्या संगणकावर जुनी आवृत्ती असेल तर घरी नवी टाकून घे. आणखी दोन खड्डे आत्ताच दाखवून ठेवते. इनपुटने घेतलेलं काहीही पायथन अक्षरं म्हणूनच घेतो, त्यामुळे ५ आणि ३ ची बेरीज ५३ येते, आधी त्याचा आकडा करून घ्यावा लागतो. दुसरा खड्डा म्हणजे एकापासून ओळीने आकडे देणारी रेंज(१, १०) नवावरच थांबते. हा वेडेपणा नाही. शेवटचा आकडा बाहेर ठेवला की दोन टोकांची वजाबाकी केली की किती आकडे आहेत ते लगेच कळतं. एड्सगर डाइकस्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये हाताने लिहिलेल्या एका छोट्या टिपणात हेच पटवून दिलं होतं, आणि मोजणी शून्यापासून का करावी हेही. मला ते पटायला बरीच वर्षं लागली.

शेजारच्या मुलाबद्दल एवढंच: त्याची मदत जरूर घे, पण कीबोर्ड त्याच्या हातात देऊ नकोस. ‘थांब, मी करून देतो’ म्हणणारे मित्र फार प्रेमळ असतात आणि त्यांच्यामुळे काही येत नाही. त्याने बोलावं, टाइप तू करावंस. तू तुझा कोड त्याला ओळीने समजावून सांगितलास तर आणखी बरं. अर्ध्या वेळा सांगतासांगताच चूक दिसते आणि त्याला तोंड उघडावं लागत नाही.

आता एआयचं. इथे मी गोड बोलणार नाही. तू दिलेली असाइनमेंट तुझी नाही, आणि पूर्ण गुणांनी तुझं नुकसानच केलंय, कारण तुला काय येत नाही हे सरांना कळायची जी एकच जागा होती ती बुजली. कोर्सच्या सूचनांमध्ये एआयबद्दल काय लिहिलंय ते आज वाच. मनाई असेल तर सरांनी विचारायच्या आधी स्वतः जाऊन सांग. अवघड वाटेल, गुण जातीलही. तरी सांग, आणि त्याच भेटीत ‘मला लूप वाचता येत नाहीत’ हेही सांग, कारण ते वाक्य ऐकल्यावर बहुतेक शिक्षक खुर्ची ओढून बसतात. आणि ती असाइनमेंट जुना कोड न उघडता पुन्हा स्वतः लिही.

एआय पूर्ण बंद कर असं मी म्हणत नाही. तेही सूचनांमध्ये चालत असेल तरच, पण ‘मला ड्राय रन करायला सहा ओळींचे पाच प्रोग्रॅम दे, उत्तरं सांगू नकोस’ ही मागणी चांगली आहे. ‘या एररचा अर्थ काय, कोड दुरुस्त करू नकोस’ हीसुद्धा. ‘हा प्रोग्रॅम लिहून दे’ ही मात्र या सत्रापुरती नको. चुकून घेतलासच तर खिडकी बंद कर, अर्ध्या तासाने रिकाम्या फाइलवर तेच पुन्हा लिहून बघ. लिहिता आलं नाही तर तो अजून परकाच आहे. व्हिडिओंनाही हाच नियम.

राहिला सोडण्याचा प्रश्न. येत्या दहा दिवसांत रोज एक ड्राय रन कर, लॅबच्या पुस्तिकेतलेच प्रोग्रॅम घे, आकडे बदलून. प्रत्येक कागदावर तारीख आणि बरोबर की चूक एवढं लिही. शिवाय जी-सीचा तो प्रोग्रॅम एकटीने पूर्ण कर, कितीही दिवस लागोत. दहाव्या दिवशी पहिले पाच कागद सोड आणि शेवटचे पाच बघ. त्यांतले तीन बरोबर असतील आणि प्रोग्रॅम साठ टक्के दाखवत असेल तर राहा, पुढचं जमेल. तीनपेक्षा कमी असतील तर ते कागद घेऊन सरांकडे जा आणि मग ठरव. आणि इतर विषयांच्या रगाड्यात दहापैकी दोनच कागद झाले असतील, तर या सत्रात तुझ्याकडे वेळ नाही एवढंच ते सांगतात. मग मुदतीच्या आत सोड, पुढच्या सत्रात घे.

पहिला कागद आज रात्रीचा, तो मीच देते:

एकूण = ०
फॉर न इन रेंज(१, ५):
    एकूण = एकूण + न
प्रिंट(एकूण)

हा झाला की शेवटची ओळ चार जागा आत सरकव, म्हणजे ती वरच्या ओळीच्या बरोबर खाली येईल, आणि पुन्हा कर. पहिल्या वेळी किती ओळी छापल्या जातील, दुसऱ्या वेळी किती, आणि प्रत्येक ओळीवर कोणता आकडा? संगणक लावायच्या आधी कागदावर लिही, आणि पुढच्या पत्रात कागदावरचं उत्तर कळव, चुकलेलं असलं तरी तेच.

– ताई